पाणपोईचे अध्यक्ष

२६ मार्च १९८३, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
काल नववी 'अ'ची सभा झाली. यंदा दुष्काळ, तर अहमदपूरच्या एसटी स्टँडवर आम्ही मुलांनीच पाणपोई चालवायची. बिराजदार सर फक्त बघणार. अध्यक्ष मी, श्रीमंत किशनराव. बिनविरोध. दुसरं कुणी उभंच नव्हतं, पण बिनविरोध ते बिनविरोध. चिटणीस सिंधू. उद्घाटन पाडव्याला.
पाणी कुठून आणणार, असं सरांनी विचारलं. शाळेचा हापसा तर कोरडा. मी उठून सांगितलं, आमच्या मळ्यातल्या विहिरीचं. टाळ्या पडल्या.
आता अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं की झालं.

२७ मार्च
अण्णा जेवत होते. जेवताना माणसाला विचारू नये.

२९ मार्च
अण्णा जेवले नव्हते. उपाशी माणसाला तर मुळीच विचारू नये.

१ एप्रिल
लेटरपॅड आलं. वर 'जि. उस्मानाबाद'! लातूर जिल्हा होऊन सात महिने झाले. छापखानेवाला म्हणतो, जुना ब्लॉक हाय, गाव तर तेच हाय ना. पण मी तत्त्वाचा माणूस. शंभर कागदांवर हाताने उस्मानाबाद खोडून लातूर लिहायला घेतलं.

३ एप्रिल
कागद संपले. बोट सुजलं. तेवढ्यात सिंधू आणि आमच्याच वर्गातली चांगुणा कुंभाराकडून तीन रांजण आणून स्टँडवर वाळूत बसवूनही आल्या. अध्यक्षांना विचारायची पद्धत असते. तरी मोठ्या मनाने मंजुरी दिली.
सिंधूने विचारलं, अण्णाला इचारलास का रे. म्हणालो, बोलणी चालू आहेत.

५ एप्रिल, दुपार
मळ्यात गेलो. विहिरीत दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढं पाणी. अण्णा मोसंबीला पाणी देत होते. मी म्हणालो, ऊन फार आहे. अण्णा म्हणाले, हाव.
सुरुवात उत्तम झाली.
मला अण्णांची भीती वाटते असं धाकटी बहीण म्हणते. भीती नव्हे, तो आदर आहे. मागच्या वर्षी न विचारता सायकल दिली होती एकाला, तर अण्णा चार दिवस बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं.

७ एप्रिल
उद्घाटनाला कलेक्टरसाहेबांना निमंत्रण धाडलं. भाषण लिहायला घेतलं. नऊ पानं झाली, अजून पाण्यापर्यंत आलो नाही.

१० एप्रिल
सिंधूने नवाच प्रश्न काढला. म्हणाली, आमच्या वस्तीतल्या पोरी विहिरीत उतरून घागरी भरणार, तुझ्या घरी चालंल का, तेबी इचार. आमाला मागून बोलणं नको.
प्रश्न नाजूक आहे. मी म्हणालो, एक अभ्यास समिती नेमू. ती नुसती बघत राहिली. अण्णांसारखीच बघते.

१२ एप्रिल
सिंधू म्हणाली, परवा पाडवा, रांजण भरायचे कशानं. पाडव्यालाच यंदा बाबासाहेबांची जयंती आलीय, तिची मिरवणूक संध्याकाळी, म्हणून सकाळी सगळं झालं पाहिजे. मी सांगितलं, अण्णांनी तत्त्वतः होकार दिलेला आहे. 'हाव' म्हणालेच होते.
निमंत्रण परत आलं. आतल्या कागदावर लातूर होतं. पाकिटावर मीच सवयीने 'जिल्हाधिकारी, उस्मानाबाद' लिहिलं होतं. इतिहासात अशा चुका मोठ्यांकडून होतात.

१३ एप्रिल, सकाळ
अण्णांना आज नक्की विचारायचं ठरवून मळ्यात गेलो. तेवढ्यात लांबून सिंधू येताना दिसली. सोबत स्टँडवर फुटाणे विकणारी तिची आजी, साखराबाई. मी कडब्याच्या गंजीमागून परिस्थितीचा आढावा घेतला.
सिंधू सरळ अण्णांसमोर उभी राहिली. म्हणाली, काका, पाणपोईला पाणी पाहिजे, रोज पंधरा घागरी. आमीच उतरून भरणार. चालंल का न्हाई, आताच सांगा.
अण्णांनी बिडी पेटवली. एकदा मोसंबीकडे बघितलं, एकदा विहिरीकडे. मग म्हणाले, घ्या. खालच्या तीन पायऱ्या निसरड्या हायत, पोरींनो, जपून उतरा.
साखराबाईने डोळ्याला पदर लावला. मलाही कसंतरी झालं. मग अण्णांनी विचारलं, हे काम कुणाचं. सिंधू म्हणाली, नववीच्या पोरांचं, अध्यक्षानं पाठवलंय.
अण्णा म्हणाले, कोण अध्यक्ष?
सिंधूने गंजीकडे बोट दाखवलं.

१४ एप्रिल, पाडवा
पाणपोई सुरू झाली. पहिला गडू सिंधूने साखराबाईला दिला, दुसरा अण्णांना. अण्णा घटाघट प्यायले. मी भाषणाचे कागद काढले. पहिल्या पानावर असतानाच नांदेडची गाडी लागली, लोक पाणी पिऊन पळाले. उरले सर. तेही घड्याळ बघत होते.
अण्णांनी रिकामी घागर माझ्या हातात दिली. म्हणाले, अध्यक्षसाहेब, रांजण अर्धा झालाय. मळा ते स्टँड सात खेपा झाल्या. मान राहिली नाही.
संध्याकाळी मिरवणूक दारावरून गेली. सिंधू पुढे होती, तिने हात केला.
नंतर अण्णा जेवत होते. म्हणाले, एकदा इचारलं असतंस तर मी काय खाल्लं असतं का तुला. अठरा दिवस ते पोरीचं काम अडवून ठेवलंस. मला फार लाज वाटली. ती इथे लिहून ठेवतो.
मग म्हटलं, आता विचारूनच बघू. जेवताना विचारलं. उद्यापासून पाण्याला बैलगाडी नेऊ का?
अण्णा म्हणाले, न्हाई. बैलं थकलेत. पोरी आणतेत तसं आण.
आणि भाकरी मोडून पुढे जेवायला लागले. मीही जेवलो.