पाण्यात न्यायचा कॅमेरा

बाबा, आज कपाट आवरताना तो जुना कॅमेरा हाती लागला आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली.

माझ्या हिंजवडीच्या नोकरीचं ते तिसरं वर्ष. ऑफिसच्या मंडळींबरोबर मालवणला समुद्रात बुडी मारायचं ठरलं होतं आणि मला तळाचं सगळं टिपून आणायचं होतं. पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानात तुम्ही माझ्याबरोबर आलात. खडकीच्या कारखान्यात तुमचं अख्खं आयुष्य तपासणी खात्यात गेलेलं. दुकानदार तळहातावर मावणारा व्हिडिओ कॅमेरा पुढे करतो, मी भुलते. तुम्ही मात्र त्याची पाण्यात न्यायची पारदर्शक पेटी मागून घेता आणि बोटांनी चाचपत राहता. "बाहेरून सगळी बटणं दाबता येतात?"

"काका, एकदम लेटेस्ट मॉडेल आहे."

"हो का? पाण्याला कळवलंय का तसं?"

मी शरमून दुसरीकडे बघते. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणता, "अगं, आधी पेटी निवड. तिच्यात बसेल तो कॅमेरा घे." दोन दुकानं पालथी घालून घेतला तो जरा जाडजूडच होता, पण त्याच्या पेटीची बटणं ओल्या बोटांनीही नीट दाबली जायची.

घरी आल्यावर तुम्ही कॅमेरा पेटीत ठेवूच दिला नाहीत. आत नुसता टिपकागद घातलात, पेटीवर वरवंटा बांधून ती बादलीत बुडवलीत आणि शेजारी स्टूल घेऊन अर्धा तास बसलात. आई म्हणाली, "आता वरवंट्यालाही पोहायला शिकवताय का?" उघडली तर कागदाचा कोपरा ओला. झाकणाच्या रबरी कड्याखाली माझाच एक केस अडकला होता.

"बापरे, आत कॅमेरा असता तर?"

"म्हणून तर नव्हता." मग जरा कडक आवाजात, "बंद करण्याआधी कड्यावरून बोट फिरवायचं. नुसतं बघून भागत नाही."

मालवणचं चित्रण तुम्ही टीव्हीच्या अगदी जवळ बसून तीनदा पाहिलंत. पट्ट्यापट्ट्यांचे मासे, गढूळ हिरवा उजेड. "खाली आवाज कसला येतो गं?" तुम्ही विचारलंत. "आपल्याच श्वासाचा," मी म्हणाले. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. अजूनही पाण्याखाली गेले की तो आवाज ऐकताना वाटतं, तुम्ही शेजारी असायला हवे होतात.

एक सांगायचं राहिलंय. मालवणला निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणालात, "मी आलो तर चालेल का? फार खोल नाही, नुसतं डोकं बुडवून बघेन." त्याआधी तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, "डॉक्टर नको म्हणालेत, बाबा." वर्षभरापूर्वीच तुमची अँजिओप्लास्टी झाली होती, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. "बरोबर आहे," म्हणालात आणि माझ्या बॅगेची अडकलेली चेन लावून दिलीत.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. ऑफिसच्या लोकांसमोर मला तुम्ही नको होतात, एवढंच.