पाण्याबद्दल चार पानं

आपटा, ता. पनवेल
२ जुलै १९९२

चि. निनाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अंघोळीच्या पाण्याबद्दल चार पानं! मस्कतला गेल्यापासून एवढं लांब पत्र पहिलंच. मी तीनदा वाचलं. हे गेल्यापासून मी एकटी, तेव्हा या वयात चूल फुंकायला नको, हे पटलं. विजेचे खांब रस्त्यापाशीच थांबलेत, म्हणून विजेचा गिझर बाद, हेही पटलं. पण अरे शहाण्या, तुझा तो सोलर आषाढात काय करणार? इथं आठ दिवस ऊन नाही. आणि गॅसचा घ्यावा तर सिलिंडर नदीकाठी कोण आणणार, लाकूडफाटा आणणारी आपली शुक्री? सगळं सविस्तर कळव. घाई अजिबात नाही.

तब्येतीला जप, पत्राचा आळस करू नकोस.
तुझी आई

मस्कत
२ सप्टेंबर १९९२

ती. आईस निनादचा शि. सा. नमस्कार.

धन्य आहे तुझी! पावसाचं सांगितलं तर तू माकडं काचा फोडतील असं काढलंस. माकडांचं मिटवलं तर म्हणे, दिवाळीचं अभ्यंगस्नान सूर्य उगवायच्या आत, मग सूर्याचं पाणी कसं मिळणार? अगं, आदल्या दिवशीचं पाणी टाकीत गरम राहतं! आता पुरे. पनवेलचा माणूस येत्या पंधरवड्यात येऊन सोलर बसवेल. विषय संपला, तुझा लांब पत्रं लिहायचा त्रासही वाचला. दिवाळीच्या रजेचं यंदाही कठीणच आहे.

लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझा निनाद

आपटा
२० सप्टेंबर १९९२

चि. निनाद यास आशीर्वाद.

तो माणूस आला होता. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. रागावू नकोस, खरं सांगते. तुझं पाण्याबद्दलचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मी माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवून दुरुस्त करून घेतला. तेव्हापासून रोज पेटतोय. शुक्री तर तोंडावर म्हणते की बायला पान्याची काय काळजी नाय, पोस्टमनची वाट हाय.

एरवी तुझ्या खुशालीच्या दोन ओळी. पाण्याचं विचारलं की चार पानं, वर आकृत्या, आणि मधेच कुठेतरी तिथल्या भाताला चव नाही, असलं काहीबाही. त्यासाठी लबाडी केली रे. विषय संपला हे वाचून तुझी आधीची पत्रं पुन्हा काढून बसले. मला सोलर नको. तू हवास.

इतकंच.
आई

मस्कत
३ ऑक्टोबर १९९२

ती. आईस शि. सा. नमस्कार.

सोलर रद्द केला. साहेबांसमोर जाऊन उभाच राहिलो. दहा दिवस मिळाले. दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचतो. बंबातली राख काढू नकोस, ते लहानपणापासून माझं काम आहे. तेल तू लाव.

दहा दिवस काय, बघता बघता जातील. परत आल्यावर मी काय लिहू, ते मला आत्ताच सुचत नाहीये. तेव्हा एखादी नवी शंका काढून ठेव. चार पानांची.

तुझा निनाद