तरव्याची पहिली मूठ

आये, परवा भातलावणीला वाडीत जाऊन आले. रत्नागिरीहून सकाळची एसटी धरली. खोतानं अडवून ठेवलेला तो खालचा मळा आता कुळांच्या नावावर आहे, तरी पहिली मूठ अजून तीच लावते. तीच, नदीपलीकडची कातकऱ्याची मुलगी, जी तुला आये म्हणायची. आता केस पिकलेत, संघटनेची पुढारी झालीय, आणि अजून तुला आयेच म्हणते. माइकवरूनसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

खोताची बंदी मोडून मळा लावला, तो दिवस मला लख्ख आठवतो. खोताची माणसं बांधावर उभी, आपली सगळी वाडी चिखलात, आणि तू तरव्याची, भाताच्या रोपांची, मूठ उचलतेस. पहिली मूठ घरच्या लेकीनं लावायची, ही आपली रीत. मी लुगडं खोचून पुढे येते. तू माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस. मूठ तिच्या हातात देतेस आणि मला म्हणतेस, "तू घरी जा गो, चुलीवर भात हाय." भात केव्हाच झाला होता. मी घरी जाऊन त्या भाताकडे बघत रडले. तुझी लेक मी, आणि मान तिला.

पुढं तिच्यावर केस झाली, हे मला ठाऊक होतं. पण परवा बांधावर भाकरी खाताना ती सहज बोलून गेली, "आयेनं आदल्या दिवशीच माला इचारलं हुतं. जी पयली लावील तिला पोलीस नेतील, तुजी तयारी हाय काय? मी हो म्हटलं. तुजं लगीन ठरत हुतं, म्हणून तुला लांब ठेवलंन."

म्हणजे तू मला वाचवलंस. हे ऐकून माझा हेवा जायला हवा होता, आये. उलट वाढला. तिला तू विचारलंस. मला भात बघायला धाडलंस. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, लग्न गेलं असतं चुलीत.

जेवण झाल्यावर, लावणी सुरू करायच्या आधी, तिनं पहिली मूठ माझ्यापुढं धरली. "ह्या सालापासून तू लाव. मळा तुज्या आयशीचा." सगळी वाडी बघत होती. मी म्हटलं, कंबर दुखते.

हे पत्र तुला कुठं पोचणार, कपाटात साड्यांखाली राहील. कंबर दुखत नव्हती गो. मला ती मूठ तुझ्या हातून हवी होती.