दारातली खोटी हाक

मंगळवार, हिमायतनगर, १९४९

सूनबाई, बोलते तसंच लिही. आज तो कथालेखक पुन्हा आला होता. गेल्या साली रझाकारांनी ह्यांना नेलं, ती हकीकत माझ्याकडून ऐकून गेला होता. आज कथा करून आणली. त्यानं वाचून दाखवली, तर त्यात मी ह्यांचं नाव घेऊन दारात किंचाळते! चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी ह्यांचं नाव उच्चारलं?

म्हटलं, "नाव काढा."

"आजी, साहित्याला भावना लागते."

"हौ, मग तुमच्या बायकोला किंचाळायला लावा."

हसत त्यानं एक ओळ खोडली. तू डोकावून म्हणालीस, "आत्याबाई, नाव तसंच आहे. दुसरंच खोडलंय." लबाड मेला! मला अक्षर येत नाही म्हणून?

कागद हिसकावून घेतले. हे परत आल्यावर कुणी वाचून दाखवले, तर जन्मभर चिडवतील मला.