उलट्या पाठीचं नाणं

३ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या संग्रहातलं मी एकच मागितलं होतं, ते उलट्या पाठीचं चांदीचं नाणं. टांकसाळीत ठसा फिरला म्हणून राजा सरळ आणि मागचे आकडे डोक्यावर उभे, असं बाबा कौतुकाने दाखवायचे. तू पाठवलेलं उलटून पाहिलं, तर राजाही सरळ आणि आकडेही सरळ! वहिनी सांगत होत्या की हल्ली तुझ्याकडे नाण्यांचे व्यापारी फार येतात. खरं नाणं त्यांना देऊन मला साधं धाडलंस, असा मला संशय आहे. मनात ठेवून गोड लिहिणं मला जमत नाही. धाकटीला सगळेच फसवतात, पण तूही?

लोभ उरला असेल तर उत्तर दे.
चिऊ

११ मार्च

चि. सौ. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घास उतरला नाही. अगं, व्यापारी येतात ते मला गळ घालायला. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावतो. आधी सांग, नाणं उलटलंस कसं? बाबा पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवायचे. तू लहानपणापासून कॅलेंडरचं पान उलटतात तसं खालून वर उलटतेस. तसं केलं की उलटं सुलटं दिसतं आणि सुलटं उलटं. त्यावरून तू बाबांचा ओरडाही खाल्ला आहेस. पानासारखं फिरव आणि मग मला खुशाल शिव्या घाल.

राग गेला की चार ओळी लिही.
दादा

१९ मार्च

ती. स्व. दादास,
कोणत्या तोंडाने नमस्कार लिहू?

फिरवून बघायला नाणं आहे कुठे? तुझ्या उत्तराची वाटही न बघता रागाच्या भरात सराफाकडे टाकलं. साधंच आहे, तर नातीला चमचा तरी होईल म्हटलं. तुझं पत्र वाचलं आणि तशीच अनवाणी दुकानात धावले. त्याने चमचाच हातावर ठेवला. बाबांची एवढी एकच वस्तू मागितली आणि तीही मीच घालवली. दोन दिवस नुसती रडते आहे.

माया पातळ करू नकोस.
चिऊ

२६ मार्च

चि. सौ. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

झालं ते झालं. रडू नकोस. नाण्यापेक्षा बहीण मोठी, बाबाही हेच म्हणाले असते. तुझी वहिनी म्हणते, असलं नाणं कुणी वितळवतं का? मी तिला गप्प केलं. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. नातीला त्या चमच्याने भरव आणि प्रकृतीला जप.

आहे तो लोभ वाढो.
दादा

ता. क. त्या सराफाचा पत्ता तेवढा कळव. सहजच.