सुमनला भीती वाटते

४ नोव्हेंबर
इकडे उत्तरेतल्या आमच्या मराठी मंडळाचा फोन. दिनकर खुपेरकर गेले त्याला या महिन्यात वर्ष होतंय, म्हणून स्मृतिसंध्या. मी दहा मिनिटं बोलायचं. ‘मॅडम, तुम्ही लेखिका. पक्कं धरतो.’ हो म्हटलं.

काय बोलू? इचलकरंजीत, गणपतीच्या मांडवात त्यांना पहिल्यांदा पाहिलं. फ्रॉकातली होते. टोपी नाही, तबला नाही, सोंग नाही. इस्त्री नसलेल्या शर्टातला एक माणूस माइकसमोर आला आणि स्वतःच्या घरातलं सांगायला लागला. असं कुणी केलं नव्हतं. आज आमचा ओम मोबाइलवर ज्या पोरांना बघून हसतो, ती सगळी तशीच उभी राहतात. कुणासारखी, ते त्यांना माहीत नाही. मीही लिहिताना वाक्य ते थांबायचे त्याच जागी तोडते.

६ नोव्हेंबर
झिरकपूर. फ्लायओव्हरखाली इतकी अडकले की परत फिरावंसं वाटलं. सुमनकाकूंकडे. खुपेरकरांची बायको, त्यांच्या प्रत्येक किश्श्यातली ती ‘सुमन’. सुमनला पालीची भीती, लिफ्टची, कुकरच्या शिट्टीची, पोस्टमनच्या मिशांची. ‘सुमनला भीती वाटते,’ एवढंच म्हणून ते थांबायचे आणि मांडव हशानं कोसळायचा.

काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, ‘पाल मी केरसुणीनं हाकलायचे गं. हे कॉटवर चढून बसायचे. पण पुरुषमाणूस, स्वतःचं कसं सांगणार? माझ्या नावावर खपवलं.’

मग आवाज खाली. मिलिंद, त्यांचा मुलगा, दोन वर्षांसाठी कॅनडाला चाललाय, बायकोमुलांसकट. काकूंना पिंजौरच्या एका वृद्धनिवासात ठेवणार. ‘मला भीती वाटते गं तिथं.’

आतून मिलिंद, ‘आई, हे बाबांचं मटेरियल आहे यार!’ हसतच बाहेर आला. काकू कोरडी बशी पुसत राहिल्या.

९ नोव्हेंबर
मिलिंदशी फोनवर बोलले. ‘वहिनी, तुम्ही नका टेन्शन घेऊ. फ्रिज आणला तेव्हाही आई आठवडाभर किचनमध्ये गेली नव्हती.’

ते किश्श्यात. घरात काय झालं होतं ते आता त्यालाही आठवत नसणार.

काकूंना इथे आणावं? नवऱ्याची, अजितची, बदली मार्चमध्ये, कुठे ते माहीत नाही. ओमची परीक्षा, त्याचं सेक्टर ३४ चं कोचिंग. ‘काकू, आमच्याकडे या’ असं मनात म्हणून बघितलं. पुढचं वाक्य सुचेना.

१६ नोव्हेंबर
स्मृतिसंध्या. माझं भाषण बरं झालं म्हणे. मग मागून कुणीतरी, ‘काकू, दोन शब्द!’

त्या गेल्या. माइक तोंडापासून किती लांब धरायचा ते बरोबर ठाऊक.

‘मिलिंद मला पिंजौरला ठेवून चाललाय. मला भीती वाटते.’

हॉल कोसळला. हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या. जन्मभर विंगेत उभ्या राहिलेल्या बाईला थांबणं शिकवावं लागत नाही. पुन्हा म्हणाल्या, ‘अहो, खरंच वाटते.’

दुप्पट हशा. एक निवृत्त कर्नल रुमालानं डोळे पुसत होते. मिलिंद उभा राहून टाळ्या वाजवत होता. आणि माझ्याही तोंडून... अर्धंच, पण आलं.

गाडीत बसताना काकू एवढंच म्हणाल्या, ‘हे असते तर त्यांना कळलं असतं. घाबरणं काय असतं ते त्यांनाच ठाऊक.’

१८ नोव्हेंबर
मिलिंदला मेसेज लिहीत सकाळ गेली. ‘काकू खरंच घाबरल्यात.’ वाचून मलाच तो मांडव ऐकू आला. ‘काकूंना असुरक्षित वाटतंय.’ सोसायटीच्या नोटिशीसारखं. तिसऱ्यांदा लांबलचक लिहिलं, तर वाक्य शेवटी खुपेरकरांच्याच थांबायच्या जागी येऊन थांबलं. काढू कुठून तो माणूस माझ्या हातातून?

पहिलंच पाठवलं.

उत्तर: तीन हसरे चेहरे. खाली, ‘वहिनी, तुम्हीपण!’

३ डिसेंबर
पिंजौर. ‘सोबत चल,’ म्हणाल्या काकू. वाटेत धुकं.

जागा वाईट नाही. ऊन येतं, डोंगर दिसतो. मॅट्रन पंजाबी. दिनकर खुपेरकर तिला माहीत असायचं कारण नाही. काकूंना खोली दाखवली, गीझर दाखवला, पलंगाजवळची घंटा दाखवली. मिलिंद बॅगा आणायला गाडीकडे गेला होता.

काकू पलंगाच्या कडेला टेकल्या. ‘मुझे इधर डर लगता है.’

मी सवयीनं हशाची वाट बघितली.

मॅट्रननं खुर्ची ओढली, समोर बसली. ‘किस गल दा डर, बीजी?’

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं. कसली भीती, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही. मग मोडक्या हिंदीत, शब्द शोधत, ‘रात को कुछ हुआ... घबराके आदमी अपनी भाषा में ओरडता है ना? मैं मराठी में ओरडी, तो कौन समझेगा?’

मॅट्रननं माझ्याकडे बघितलं.

मिलिंद दारात होता. दोन्ही हातांत बॅगा. त्यानं ऐकलं होतं. तोंड हसण्यासाठी उघडलेलं, ते तसंच राहिलं. बॅगा आत आणेना, खालीही ठेवेना.