बाहेरून कडी

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! मी आणि भुऱ्या. इतकी वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, पण घर हलवायचं तर शेवटी टेम्पोच. उमरखेड ते राळेगाव, मागे पलंग, शेगडी, भांड्यांची पोती आणि पुढे माझ्या मांडीवर हे धूड. टेम्पोवाल्याने विचारलं, "मॅडम, कुत्र्याचीबी बदली झाली का?" म्हटलं, त्याचीच झाली, मी सोबत आले.

खोली झकास आहे. वर पत्रे, पण भिंती पक्क्या, मागे चिंचेची सावली. घरमालक नजीरभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे, ते आणि खातूनबी शेजारीच राहतात. कुत्रं म्हटलं की घरमालकांची तोंडं कशी वाकडी होतात ते मला पाठ आहे. नजीरभाईंनी मात्र एकच अट घातली, भुंकून मोहल्ला डोक्यावर घेऊ नये. खातूनबींनी नमाजाचे कपडे वाळतात तिकडे त्याला सोडू नका म्हणून सांगितलं आणि लगेच त्याच्यासाठी पाणी आणून ठेवलं.

आमच्या तांड्यावर मानीबाई आत्या सांगायची, नव्या जागी उतरलं की पहिली बाटी, म्हणजे भाकर, जागेला ठेवायची. जागेला द्यायचं, जागेकडे मागायचं मात्र कधी नाही. मी कोपऱ्यात ज्वारीची बाटी ठेवली. भुऱ्याने, म्हणजे जो चपलासुद्धा खातो त्याने, तिला तोंड लावलं नाही. नुसता समोर बसून राहिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उद्यापासून ड्यूटी, म्हणून आज भुऱ्याची शाळा घेतली. त्याला एकटं राहायची सवय नाही. उमरखेडला सुनील दिवसभर घरीच असायचा. नवरा म्हणून तेवढाच त्याचा उपयोग होता, तोही तो पुण्याला घेऊन गेला. भुऱ्या राहिला. माझ्याकडे आता माझं म्हणावं असं हेच एक कुत्रं आहे.

वायरी सगळ्या वर बांधल्या. कोपऱ्यातलं उंदराचं औषध फेकलं. पाणी जड गाडग्यात ठेवलं, म्हणजे लवंडत नाही. पोतडीवर माझा जुना खाकी शर्ट अंथरला, वासाने त्याला धीर येतो. जाताना लाड करायचे नाहीत, गुपचूप निघायचं, थोडा वेळ बाहेर थांबून परत यायचं, मग हळूहळू वेळ वाढवायची. किराणा दुकानापर्यंत जाऊन आले तर याने खिडकीतून उडी मारायची तयारी केलेली! नजीरभाईंकडून खिडकीला जाळी वेल्ड करून घेतली. ते म्हणाले, "इतकी बारीक कायले पाह्यजे मॅडम? बोटबी जानार नाही." म्हटलं, तशीच पाहिजे.

१० फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर रडतो. मोहल्ल्यातली माणसं नजीरभाईंकडे गेली. नजीरभाई बिचारे ओशाळून सांगत होते, मला त्रास नाही, पण लोक ऐकत नाहीत, त्याला तांड्यावर सोडून या, नाहीतर दुसरी खोली पाहा. तांड्यावर कोण बघणार त्याला? आत्या आता कोणालाच ओळखत नाही.

सकाळी निघताना डोकं ठणकत होतं. भुऱ्या साडीचा काठ धरून लोंबकळत होता. दारातून रिकाम्या खोलीला म्हटलं, "कोणी असशील तर सांभाळ गं याला, मी येते." बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं, आणि रस्त्यात आत्या आठवली. जागेकडे मागायचं नाही. हसू आलं. अशा बोलण्याने कुत्री गप्प बसली असती तर काय हवं होतं!

११ फेब्रुवारी, मंगळवार

बसला की गप्प! खातूनबी सांगत होत्या, "अजी, चूं नाही केलं दिवसभर. लई शहानं हाय तुमचं लेकरू." वरून त्यांनी शेवयांची वाटी दिली. कालपर्यंत नाकं मुरडणारे आज दारात थांबून माझं कौतुक करत होते. माणसाला दुसऱ्याच्या दुःखाचं काही नसतं, फक्त त्याचा आवाज नको असतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भुऱ्या गुटगुटीत झालाय. अंगावर तेलाचा हात फिरवल्यासारखी चमक आहे. आज कान बघितले तर एक गोचीड नाही. सगळ्या काढून चिंचेच्या पानावर ठेवलेल्या होत्या, कोपऱ्यात, जिथे पहिल्या दिवशी बाटी ठेवली होती तिथे.

खातूनबींनी विचारलं, "तुमची आत्या आली का? दुपारी कोनीतरी गुनगुनून राह्यते." रेडिओ असेल म्हटलं. माझ्याकडे रेडिओ नाही.

मी आले तरी तो उठत नाही हल्ली. शेपटी हलवतो, पण आधी कोपऱ्याकडे बघून घेतो. मला राग आला, खरं सांगते. भीती नंतर वाटली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भुऱ्याच्या गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात कवडी. आमच्या बाया बांधतात तशी गाठ. किल्ली एकच आहे आणि ती माझ्या कंबरेला असते.

कवडी घेऊन खातूनबींकडे गेले. त्यांनी ती हातात घेतली नाही. मग बसून सांगितलं. माझ्या आधी इथे हरिसिंग आणि बसंतीबाई राहायचे, आमच्याच समाजाचे. हरिसिंगची म्हातारी आई जमनी, तिला विसर पडायचा, रस्त्यावर निघून जायची. म्हणून कामावर जाताना ते बाहेरून कडी घालायचे. आत गाडग्यात पाणी, ताटलीत बिस्किटं. तिच्याच भल्यासाठी. सुरुवातीला ती रडायची, दार ठोकायची, खिडकीतून हात काढून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायची. मोहल्ल्याने तक्रार केली. मग एक दिवस ती गप्प झाली.

"आमाले वाटलं, सवय झाली," खातूनबी म्हणाल्या. "बरंच वाटलं सगळ्याइले." त्या रडत होत्या. "ते आले तवा दाराशीच होती, थंड."

हरिसिंगला शिव्या देत घरी आले. मग आतलं गाडगं दिसलं आणि शिव्या तोंडातच राहिल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोरा कापला. ड्यूटीवरून आले तर पुन्हा गळ्यात.

गाडगं सकाळी अर्धं ठेवते, संध्याकाळी काठोकाठ.

खोली सोडायची. डेपोतल्या एका ताईंनी त्यांच्याकडे या म्हणून सांगितलंय. माझा झाडू घ्यायला कोपऱ्याकडे गेले तर भुऱ्या आडवा आला. माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर! याच्यासाठी मी नवऱ्याची बोलणी खाल्ली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाहेर येत नाही. साखळी ओढली तर पलीकडून कोणीतरी धरल्यासारखा—

मोठ्याने म्हटलं, जमनीयाडी, माय, चुकलं माझं, मागायला नको होतं. माझं कुत्रं परत दे. दुसरं काहीही माग.

हे कशाला बोलले? पुन्हा मागितलंच की.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जाणार. भर उन्हाचं. नजीरभाई, खातूनबी घाटंजीला लग्नाला गेलेत, किल्ली उंबऱ्यावर ठेवा म्हणाले. पिशवी ओट्यावर नेली, फोन तिच्यातच, वही तेवढी आत राहिली. भुऱ्याला न्यायला आत आले.

आणि तो उठला. आपणहून! शेपटी हलवत बाहेर गेला, पण मान वर करून, कोणाच्या तरी बाजूने चालल्यासारखा. मला बरं वाटलं. एवढंच बघत राहिले मूर्खासारखी—

दार लागलं.

कडी. बाहेरून.

म्हातारा आवाज, अगदी मायेचा. बाहेर जाऊ नको गं. मी येते.

ओट्यावर भुऱ्याची नखं वाजली, मग रस्त्यावर, मग काही नाही.

नंतर

गाडगं भरलेलं. ताटलीत बिस्किटं. पोतडीवर माझा खाकी शर्ट, नीट अंथरलेला.

जाळीतून बोट जात नाही. मीच तर—

लिहीत राहिले की ऐकू येत नाही, म्हणून ही वही. दार ठोकलं. ओरडले. रस्त्यावरून दोघं जात होते, थांबले. एक म्हणाला, मॅडमचं कुत्रं पुन्हा रडाले लागलं. दुसरा म्हणाला, होईल सवय.

मी इथे आहे, म्हणाले, मी, रंजिता—

गेले.

गप्प बसायचं नाही. गप्प बसलं की सगळ्यांना बरं वाटतं. ओरडत राहायचं, नाव घेऊन, माझं नाव—

पण घशातून निघतंय ते—